खेळातले खाते, खेळाबाहेरचा माग

ऑनलाइन खेळात खाते उघडले, की खेळाडूच्या नावाने एक पान आपोआप तयार होते. त्यालाच प्रोफाइल म्हणतात. त्यावर काय असावे हे खेळागणिक बदलते. पण टोपणनाव, लेव्हल किंवा रँक, सामन्यांचा हिशेब, मिळवलेली पदके, मित्रांची यादी, एकूण किती तास खेळून झाले आणि शेवटचे कधी खेळले, यांतले बरेचसे बहुतेक ठिकाणी सापडते. बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ खेळणारी मुले एकमेकांचा आयडी नंबर मागतात तो याच पानापर्यंत पोचण्यासाठी. समोरच्याचा टियर म्हणजे श्रेणी आणि ‘केडी’ म्हणजे मारण्या-मरण्याचे गुणोत्तर पाहून त्याला स्क्वॉडमध्ये घ्यायचे की नाही ते ठरते. अनेक खेळांत हे पान पाहायला ओळख लागत नाही, परवानगी लागत नाही आणि कोण पाहून गेले ते खेळाडूला कळतही नाही.

यात खासगी असे काय, हा प्रश्न साहजिक आहे. नाव खरे नाही, फोन नंबर नाही, पत्ता नाही; आहे तो फक्त खेळाचा हिशेब. मात्र हा हिशेब एका माणसाच्या वेळेचा असतो. माणूस कधी जागा होता, कुणाबरोबर होता, कशावर पैसे खर्च करत होता, हे त्या आकड्यांतून दिसते. सार्वजनिक प्रोफाइलबद्दलची सगळी तक्रार या एका गोष्टीतून निघते.

प्रोफाइल उघडे ठेवण्याची पद्धत कुणा एकाने ठरवून पाडलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स लाइव्ह सेवेने 2002 मध्ये खेळाडूंना ‘गेमरटॅग’ दिला, म्हणजे सगळ्या खेळांत चालणारे एकच नाव. 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 आला आणि त्या नावापुढे ‘गेमरस्कोअर’ लागला. कुठल्या खेळात काय साधले याचे गुण जमू लागले आणि मित्रांत त्यावरून चढाओढ सुरू झाली. सोनीने 2008 मध्ये प्लेस्टेशनवर ‘ट्रॉफी’ आणल्या. संगणकावरच्या खेळांचे सर्वांत मोठे दुकान असलेल्या स्टीमने 2007 मध्ये सदस्यांना स्वतंत्र पाने दिली. पदक मिळवायचे ते चारचौघांत मिरवण्यासाठी, अशी ही सारी रचना होती. त्यामुळे पान उघडे असणे कुणाला खटकले नाही.

खटकू लागले ते ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये. ब्लिझार्ड कंपनीचा हा खेळ 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि 2008 अखेर त्याचे 1 कोटी 15 लाख वर्गणीदार झाले होते. कंपनीने 2007 मध्ये ‘आर्मरी’ नावाचे संकेतस्थळ काढले. पात्राचे नाव आणि सर्व्हरचे नाव टाकले, की त्या पात्राच्या अंगावर कोणते चिलखत, हातात कोणते शस्त्र, त्यावर कुठले रत्न जडवले आहे, कोणती कौशल्ये निवडली आहेत, कुठल्या ‘गिल्ड’मध्ये म्हणजे टोळीत ते आहे, असे सगळे समोर येई. पाहणाऱ्याचे स्वतःचे खाते असण्याचीही गरज नव्हती. ज्याचे पान त्याला मात्र ते लपवण्याची सोय नव्हती.

सुरुवातीला याचे स्वागतच झाले. पंचवीस जणांनी मिळून एखादा बलाढ्य राक्षस मारायचा असेल, तर नवा गडी तयारीचा आहे की नाही हे तपासणे टोळीच्या म्होरक्याला आवश्यकच होते. आर्मरीने ते काम दोन मिनिटांवर आणले. पण 2008 च्या ऑक्टोबरात या खेळात ‘अचीव्हमेंट’ आल्या, आणि प्रत्येक कामगिरीसमोर ती कोणत्या तारखेला झाली ते नोंदले जाऊ लागले. पुढे पात्राच्या पानावर ताज्या घडामोडींची यादीही दिसू लागली: अमुक राक्षस मारला, तमुक वस्तू मिळाली. चिलखताच्या जोडीला वेळ आली, आणि पानाचे स्वरूपच पालटले.

अशा वेळेच्या नोंदींतून काय काय कळते, हे एखाद्या आठवड्याकडे जवळून पाहिले तर ध्यानात येते. समजा, एका पात्राच्या नोंदी सोमवार ते गुरुवार रात्री साडेनऊ ते साडेअकराच्या आहेत. शुक्रवारी त्या पहाटे तीनपर्यंत जातात, शनिवारी दुपारी पुन्हा सुरू होतात, रविवारी काहीच नाही. एवढ्यावरून हा माणूस सकाळी नोकरीला किंवा कॉलेजला जाणारा आहे आणि शनिवारी त्याला सुट्टी असते, असा अंदाज बांधता येतो. मग एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजताची नोंद दिसते. त्या दिवशी त्याने आजारपणाची रजा टाकली असेल, तर ती रजा आता त्याच्या साहेबांनाही वाचता येते. दोन आठवडे नोंदी पूर्ण थांबल्या तर घरात कोणी नसावे, असाही अर्थ निघतो. नोंदींच्या वेळा काही तासांनी सरकल्या तर माणूस परदेशी गेला असेल. रोज रात्री एकाच दुसऱ्या पात्राबरोबरची कामगिरी दिसत असेल, तर त्या दोघांचे नाते काय, ही शंका संशयी जोडीदाराच्या मनात यायला वेळ लागत नाही. यातली एकही गोष्ट खेळाडूने कुणाला सांगितलेली नसते.

हे अंदाज चुकूही शकतात, आणि तो धोका वेगळाच आहे. खाते भाऊ वापरत असेल, मुलगा वापरत असेल, खेळ नुसता चालू ठेवून माणूस जेवायला गेला असेल. पान यातले काही सांगत नाही. ‘एकूण 1,400 तास’ एवढा आकडा तेवढा सांगते, आणि पाहणारा त्यावरून माणसाची किंमत करून मोकळा होतो.

खेळाच्या नोंदींतून स्वभावापर्यंत पोचता येते, हे संशोधकांनी तपासूनही पाहिले आहे. अमेरिकेतल्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात निक यी, निकोलस ड्युशनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉरक्राफ्टच्या हजारावर खेळाडूंकडून स्वभावचाचणीची प्रश्नावली भरून घेतली आणि त्या उत्तरांची आर्मरीवरच्या त्यांच्याच पात्रांच्या नोंदींशी सांगड घातली. 2011 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. बहिर्मुख माणसे गटाने करायच्या कामांकडे वळतात, अंतर्मुख माणसे एकट्याने करायच्या कामांत रमतात, अशा तऱ्हेचे संबंध त्यांना आढळले. या खेळाडूंनी अभ्यासाला संमती दिली होती. पण अशी सांगड एकदा बसली, की पुढच्या वेळी प्रश्नावलीची गरज उरत नाही; पान पुरते. नोकरीसाठी माणसे निवडणारा किंवा जाहिरातदार तेच पान कुणालाही न विचारता वाचू शकतो.

टोपणनावाची ढाल वाटते तितकी जाड नसते. माणसाला नवनवी नावे सुचत नाहीत आणि सुचली तरी लक्षात राहत नाहीत. म्हणून खेळातले नावच इन्स्टाग्रामवर, डिस्कॉर्डवर आणि ईमेलच्या पत्त्यात येते. कुठल्या तरी एका ठिकाणी त्या नावाशेजारी चेहरा किंवा कॉलेजचे नाव असले, की बाकीची सगळी पाने त्या माणसाच्या नावावर चढतात. नाव बदलूनही सुटका होतेच असे नाही. स्टीमवर आधी वापरलेली नावे इतरांना दिसतात. ती पुसण्याचे बटण आहे, पण ते शोधावे लागते. माइनक्राफ्टमध्ये एखाद्या खात्याने आजवर कोणकोणती नावे घेतली, याची यादी कुणालाही यंत्रणेकडून मागवता येत असे. त्रास देणाऱ्यांपासून लपण्यासाठी ज्यांनी नाव बदलले त्यांची त्यात पंचाईत होई. खेळाची निर्माती मोजँग हिने ही सोय 2022 च्या सप्टेंबरात बंद केली.

टोपणनाव काढूनच टाकावे, हा प्रयोगही होऊन गेला आहे. ब्लिझार्डने 2010 च्या जूनमध्ये ‘रिअल आयडी’ ही व्यवस्था आणली. तीत मित्रांना, आणि मित्रांच्या मित्रांनाही, खेळाडूचे खरे नाव दिसे. 6 जुलैला कंपनीने पुढचे पाऊल जाहीर केले: आता तिच्या चर्चामंचावर लिहिणाऱ्या प्रत्येकाचे खरे नाव मजकुरावर छापले जाईल. नाव दिसू लागले की शिवीगाळ कमी होईल, हा हेतू होता. खेळाडू खवळले. यात घाबरण्यासारखे काही नाही हे पटवण्यासाठी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आपले खरे नाव मंचावर लिहिले. थोड्याच वेळात लोकांनी त्याची वैयक्तिक माहिती खोदून काढली आणि सगळ्यांसमोर मांडली. स्त्री खेळाडूंची भीती अधिक थेट होती. सामन्यात हरलेला, चिडलेला अनोळखी माणूस आपल्याला नावाने शोधू शकेल, हे त्या उघड लिहीत होत्या. 9 जुलैला कंपनीचे प्रमुख माइक मॉर्हाइम यांनी हा बेत मागे घेतला. पुढे मित्र जोडण्यासाठी खऱ्या नावाऐवजी ‘बॅटलटॅग’ हे टोपणनाव आले.

दक्षिण कोरियाने तर कायदाच केला होता. मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचे तर खरी ओळख पटवून द्यायची, असा नियम तिथे 2007 पासून होता. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो 2012 च्या ऑगस्टमध्ये एकमताने घटनाबाह्य ठरवला.

खेळाच्या आतही उघडे पान छळाचे हत्यार होते. ‘ओव्हरवॉच’मध्ये सामना सुरू होताच सहकाऱ्याचे प्रोफाइल उघडायचे, त्याचे आकडे कमी दिसले की पहिल्या मिनिटापासून त्याला टोचायचे, हा प्रकार इतका वाढला की 2018 च्या जूनमध्ये प्रोफाइल झाकण्याची सोय देण्यात आली, आणि कुणी सेटिंगला हात लावला नाही तरी पान झाकलेलेच राहील अशी व्यवस्था झाली. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये सहकाऱ्यांची नावे दिसताच बाहेरच्या संकेतस्थळांवर त्यांचा इतिहास काढून सामना सोडून जाणारे होते; म्हणून 2022 मध्ये या खेळाच्या निर्मात्या रायट कंपनीने रँकच्या सामन्यांत पात्रनिवडीच्या वेळी नावे झाकायला सुरुवात केली. दोन्ही वेळा काही खेळाडूंनी विरोध केला. सहकारी कसा आहे हे कळायला नको का, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच चूक नाही. पण बरोबरीचे गडी जुळवणे हे खेळाच्या यंत्रणेचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारे आकडे तिच्याजवळ असतातच. ते दहा अनोळखी माणसांना वाचायला देण्याची गरज नाही.

पैशाचा धोका स्टीमवर ठळक दिसतो. ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या बंदुकांच्या रंगीत ‘स्किन’ हजारो, क्वचित लाखो रुपयांना विकल्या जातात. ज्याची ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे वस्तूंचा साठा उघडा आहे त्याच्याकडे काय ऐवज आहे हे चोराला घरबसल्या कळते. मग त्यालाच हेरून गोड बोलून, खोट्या लिंक पाठवून खाते हडपले जाते. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 2015 च्या डिसेंबरात स्वतःच सांगितले होते, की दर महिन्याला सुमारे 77,000 खाती अशी लुबाडली जातात. या चोरीत उघडी इन्व्हेंटरी हे एकमेव कारण नव्हे, पण सावज निवडण्याचे काम तिच्यामुळे सोपे होते.

उघडे पान माणसेच वाचतात असेही नाही. खेळांच्या कंपन्या बाहेरच्या प्रोग्रॅमना माहिती मागवण्याची वाट ठेवतात. तिला एपीआय म्हणतात. त्या वाटेने लाखो पाने रोज उचलून साठवणारी संकेतस्थळे आहेत. खेळाडूने आज प्रोफाइल बंद केले तरी काल उचललेली प्रत तिथे राहते. अशा साठवणुकीचा चांगला उपयोगही झालेला आहे. ‘स्टीम स्पाय’ हे 2015 चे संकेतस्थळ स्टीमवरच्या पानांचे नमुने घेऊन कोणत्या खेळाच्या किती प्रती खपल्या असाव्यात याचा अंदाज देई, आणि छोट्या निर्मात्यांना त्याचा मोठा आधार होता. 2018 च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्हने सदस्याच्या संग्रहातले खेळ मुळातच झाकलेले ठेवायला सुरुवात केली, तेव्हा स्टीम स्पायचा पायाच निघाला. त्याबद्दल हळहळ झाली. तरीही व्हॉल्व्हचा निर्णय योग्यच म्हणायला हवा; बाजाराचा अंदाज हवा असेल तर खपाचे आकडे कंपनीने द्यावेत, त्यासाठी कोट्यवधी लोकांचे कपाट उघडे ठेवणे हा मार्ग नव्हे.

या निर्णयानंतर दीड महिन्यात, 25 मे 2018 ला, युरोपीय संघाचा ‘जीडीपीआर’ हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याच्या 25 व्या कलमात या विषयाचे मर्म आले आहे. माणसाने स्वतः काही केल्याशिवाय त्याची माहिती अमर्याद लोकांना उपलब्ध होता कामा नये, असे ते कलम सांगते. म्हणजे पान मुळात बंद असले पाहिजे आणि उघडायचे तर मालकाने उघडावे. ब्रिटनने मुलांसाठी वेगळी संहिता केली. 2021 च्या सप्टेंबरपासून ती पाळावी लागते, आणि मुलांच्या खात्यांची सेटिंग सुरुवातीलाच कडक असावीत असे तीत आहे. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ची निर्माती एपिक गेम्स हिच्यावर तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली. मुलांची आणि अनोळखी मोठ्यांची गाठ घालून देणारी बोलण्याची आणि संदेशांची सोय मुळातच सुरू ठेवणे हा तीतला एक प्रमुख आरोप होता. 2022 च्या डिसेंबरात कंपनीने मुलांच्या खासगीपणाच्या भंगापोटी 27.5 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

या सगळ्यांत भर ‘मुळात काय असते’ यावर आहे, आणि ते बरोबर आहे. सेटिंगच्या पानापर्यंत जाणारे खेळाडू थोडे असतात. ज्या कंपनीने पान उघडे ठेवून वर ‘बंद करायची सोय आहे’ असे सांगितले, तिने बहुसंख्य खेळाडूंचा निर्णय त्यांच्या वतीने घेऊन टाकलेला असतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 च्या ऑगस्टमध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. या कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येकजण मूल आहे. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या हालचालींचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. युरोपपेक्षा ही वयोमर्यादा कडक आहे, आणि बीजीएमआयसारख्या खेळांतला मोठा वर्ग या वयाचा असल्याने ती महत्त्वाचीही आहे.

मात्र त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक मोठी पळवाट राहिली आहे. जी माहिती माणसाने स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच होत नाही. समाजमाध्यमावर आपले विचार लिहिताना स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. लेखकाच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. त्याने विचार करून लिहिलेले असते. पण खेळाडूच्या पानावरची तारीख आणि वेळ खेळाडूने लिहिलेली नसते, ती यंत्रणेने टाकलेली असते. पान उघडे होते ते कंपनीच्या सेटिंगमुळे. अशा नोंदी ‘स्वतः सार्वजनिक केलेल्या’ मानल्या, तर कंपनीने उघडे ठेवलेले पान खेळाडूच्याच नावावर जमा होईल, आणि ते उचलून साठवणाऱ्या तिसऱ्याला कायदा विचारणारही नाही. हा अर्थ लावला जाऊ नये, यासाठी नियमांत स्पष्ट खुलासा हवा होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न बंदुकांच्या खेळांपुरता नाही, तो बुद्धिबळातही आहे. सांगली, पुणे, नागपूर इथे बुद्धिबळ शिकणारी आठ-दहा वर्षांची मुले करोनाच्या काळापासून लीचेस आणि चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवर सराव करतात. लीचेसवर प्रत्येक डाव सर्वांसाठी खुला असतो, दर महिन्याचे मानांकनाचे डाव एकगठ्ठा उतरवून घेता येतात आणि पानावर खेळण्यात गेलेला एकूण वेळही दिसतो. या खुलेपणाला बुद्धिबळात खरे मोल आहे. दुसऱ्याच्या डावावरून शिकणे ही या खेळाची जुनी रीत आहे आणि लबाडी पकडायलाही खुले डाव उपयोगी पडतात. धोका निर्माण होतो तो नावामुळे. मुलाचे नाव, आडनाव आणि जन्मसाल जोडून आयडी करण्याची सवय घरोघरी आहे. जागतिक बुद्धिबळ संघटना म्हणजे फिडे हिच्या संकेतस्थळावर मानांकित खेळाडूचे पूर्ण नाव आणि जन्मसाल असतेच. हे दोन धागे जुळले, की अमुक मूल रोज किती वाजता एकटे स्क्रीनसमोर बसते, हे कुणालाही कळते, आणि त्याला निरोप पाठवण्याची सोयही तिथेच असते. लीचेसवर ‘किड मोड’ आहे. तो सुरू केला की संदेश आणि गप्पा बंद होतात. डाव मात्र दिसत राहतात, म्हणून नावाशी संबंध नसलेला आयडी घेणे हाच तिथला खरा बंदोबस्त.

इतर ठिकाणचा बंदोबस्त फारसा अवघड नाही. स्टीमवर प्रोफाइल संपादनाच्या पानात प्रायव्हसी सेटिंग असतात. तिथे प्रोफाइल, खेळांचा तपशील, मित्रांची यादी आणि इन्व्हेंटरी यांची दारे वेगवेगळी आहेत. इन्व्हेंटरी आणि मित्रांची यादी पहिल्यांदा बंद करावी, कारण चोरी आणि छळ या दोन्हींना तिथूनच वाट मिळते. खेळल्याचे तास झाकण्याची खूण वेगळी आहे, तीही करावी. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर ‘ऑनलाइन आहे’ हे दाखवणेही थांबवता येते. प्रत्येक खेळाला वेगळे टोपणनाव घेणे कंटाळवाणे असले, तरी समाजमाध्यमावरचे नाव आणि खेळातले नाव निदान एक असू नये. मुलांच्या खात्यासाठी पालकांनी हे एकदा त्यांच्या शेजारी बसून करावे, आणि खेळाचे मोठे अपडेट आले की सेटिंग पुन्हा तपासावीत. नवी सोय आली की तिचे दार पुष्कळदा उघडेच असते. बाहेरच्या आकडेवारीच्या संकेतस्थळांपैकी काहींवर आपले पान काढून टाकण्याची विनंती करता येते, पण खेळातले मूळ प्रोफाइल आधी बंद केले नसेल तर ते पान पुढच्या फेरीत पुन्हा तयार होते.